मनिऑर्डरची वाट

मावळचा इतिहास लिहू बसणाऱ्यास नावांची वानवा कधी पडत नाही. भोर आणि वेल्हे ह्या दोन तालुक्यांत (वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका असे झाले आहे) जितकी खोरी तितके देशमुख, आणि जितके देशमुख तितकी भांडणे. रोहिडखोऱ्याचे जेधे, हिरडस मावळचे बांदल, गुंजण मावळचे शिळिमकर, मोसे खोऱ्याचे पासलकर. कोण कोणत्या वतनासाठी कोणाशी झगडला हे शकावल्या, करीने आणि महजर ह्यांतून आपल्याला कळते. पुढे पंतसचिवांचे संस्थान आले, त्याचे दप्तर आले, आणि ८ मार्च १९४८ रोजी ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याचेही कागद आहेत. ह्याच मुलखाचा गेल्या चाळीस वर्षांतला एक इतिहास मात्र असा आहे की त्यात सामान्य माणसाचे एकही नाव लिहिता येत नाही. लिहिले तर ते पाप होईलच, आणि आता कायद्यानेही गुन्हा ठरेल. हा इतिहास एड्सचा आहे.

हा विषय हल्ली विद्यापीठांतून 'जागतिक आरोग्य' ह्या नव्या शास्त्राच्या सदराखाली शिकवितात. त्यावरील बहुतेक ग्रंथ जिनीव्हा, लंडन किंवा अमेरिकेतील बाल्टिमोर येथे बसून लिहिलेले. त्यांतील नकाशांवर पुणे जिल्हा हा एक ठिपका असतो, आणि भोर-वेल्हे त्या ठिपक्याच्याही आत गडप झालेले. नकाशा खोटा असतो असे मी म्हणत नाही. पण तो वरून पाहिलेला असतो. तोच खालून, तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतून, कसा दिसतो हे पाहावे, एवढाच माझा हेतू आहे. आणि वाडीतून पाहू लागले की पहिली दिसते ती बाहेर जाणारी वाट.

पाऊस उदंड आणि जमीन चिमूटभर, हे ह्या मुलखाचे जुने दुखणे. आंबेमोहोराचे एक पीक निघाले, डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकली, की उरलेल्या महिन्यांत पोटाला काय, हा प्रश्न उभा राही. खोऱ्यांतली चांगली खाचरे धरणांनी घेतली. आधी येळवंडीवरचे भाटघर, पुढे पानशेत आणि वरसगाव. तेव्हा घरातला कर्ता पुरुष मुंबईची वाट धरी. गिरणीत, गोदीत, बाजारात हमालीला, जेथे गाववाला असेल तेथे. गिरणगावातल्या एका खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपणारी वीस-पंचवीस माणसे आणि गावी लावणी-कापणी करणारी, सासू-सासऱ्यांना सांभाळणारी बाई, असे त्या संसाराचे दोन तुकडे. त्यांना जोडणारा एकच धागा, मनिऑर्डर. टपालखात्याने ती जुनी मनिऑर्डर २०१५ साली बंद केली. पण मावळातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ती अजून आहे.

१८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर कधी मिटलाच नाही. त्यानंतर ही वाट अधिकाधिक पुण्याकडे वळली. पिंपरी-भोसरीचे कारखाने, इमारतींची कामे, खाणावळी, आणि मालमोटारी. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा राजरस्ता भोर तालुक्यातूनच जातो. नसरापूर फाटा, कापूरहोळ, किकवी ही गावे त्यावरचीच. जो डोंगर एकेकाळी मुलखाचे रक्षण करी त्याच्या पायथ्याशी रात्रंदिवस देशाचा माल वाहू लागला.

रोगाला वेगळी वाट लागत नाही. पैसा ज्या वाटेने घरी येतो त्याच वाटेने तोही येतो. १८९६-९७ च्या प्लेगनेही हेच केले होते.

जगाच्या बखरीत ह्या रोगाची पहिली नोंद जून १९८१ ची, अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला. आपल्याकडे मात्र त्या काळी सर्वत्र असा समज होता की हा पाश्चात्त्यांच्या चालीरीतींचा रोग असून भारतीय कुटुंबव्यवस्थेच्या तटबंदीवर तो आपटून परत जाईल. मद्रासमध्ये सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला ह्यांनी १९८६ साली शरीरविक्रयावर पोट असणाऱ्या स्त्रियांचे रक्त तपासले, आणि तटबंदीला केव्हाच भगदाड पडले आहे हे उघड झाले. (सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, हे मराठी वाचकास सांगितलेले बरे.) १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि त्याच साली पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. तिचे नाव अलीकडे बदलले आहे. पण पुण्यात तिला अजून 'नारी' असेच म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांतून आपोआप जमलेल्या ह्या नावाचा मराठी अर्थ पुढे किती खरा ठरणार होता, ह्याची नाव ठेवणाऱ्यांना कल्पना नसावी.

कारण ह्या संस्थेच्या आरंभीच्या कामातून जे निघाले ते स्त्रियांविषयीच निघाले. मे १९९३ ते जुलै १९९६ ह्या काळात पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी ५२५ वेश्याव्यवसायातल्या होत्या, आणि त्यांत जवळजवळ निम्म्या बाधित निघाल्या. हे अपेक्षितच होते. उरलेल्या ३९१ त्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या, बहुतेक लग्नाच्या, आणि नवऱ्यावाचून दुसरा पुरुष न पाहिलेल्या. त्यांत शेकडा १३.६ बाधित होत्या. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वृत्तांत १९९७ साली अमेरिकन वैद्यकसंघाच्या पत्रिकेत प्रसिद्ध केला, आणि जगाच्या एड्सविषयक विचारात पुण्याच्या ह्या अनाम बायका कायमच्या दाखल झाल्या.

ह्या निष्कर्षाचे महत्त्व आकड्याहून मोठे आहे. रोग टाळण्याचे जे त्रिसूत्र तेव्हा जगभर सांगितले जात होते ते असे: संयम पाळा, एकनिष्ठ राहा, नाही तर निरोध वापरा. मावळातल्या लग्नाच्या बाईपुढे हे ठेवून पाहा. पहिली दोन सूत्रे तिने उपदेशावाचूनच पाळली होती. तिसरे तिच्या हातात नव्हते. चार-सहा महिन्यांनी घरी आलेल्या नवऱ्याला ती निरोधाविषयी कोणत्या तोंडाने बोलणार? बोलली तर संशय दोन्ही बाजूंनी. तिला धोका होता तो एकाच गोष्टीचा, तिचे लग्न झाले होते.

आणि येथे एक विलक्षण गोष्ट मला दिसते. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' ह्या संस्थेने, मीना सेषू ह्यांच्या पुढाकाराने, वेश्यावस्तीतल्या बायकांनाच ह्या कामाच्या मालकिणी केले. त्या बायका एकमेकींना समजावू लागल्या, निरोध स्वतः वाटू लागल्या, आणि १९९६ साली त्यांनी आपली स्वतंत्र संघटना उभारली. गिऱ्हाइकाने हट्ट धरला तर गल्लीतल्या सगळ्याच नाही म्हणतील, एवढी एकी झाली की एकटीचा नकार टिकतो. म्हणजे ज्यांना समाज पतित म्हणे त्यांना 'नाही' म्हणण्याचे बळ मिळाले. आणि ज्यांना तो पतिव्रता म्हणे त्यांच्या पाठीशी अशी गल्ली नव्हती. घराच्या उंबऱ्याच्या आत संघटना नसते. निवारणाचे पुष्कळ कार्यक्रम पुढे महामार्गांवर, मालमोटारींच्या तळांवर आणि वस्त्यांत चालले. त्यांनी रोग खरोखरच आटोक्यात आणला. हे श्रेय निःसंशय मोठे आहे. पण वाडीतली ती बाई त्या कार्यक्रमांच्या यादीत फार उशिरा, गरोदर झाल्यावर, रक्त तपासताना सापडे.

साथ आली की राज्यकर्त्यांचा हात पहिल्याने कोठे जातो, हे पुण्याला नव्याने सांगावयास नको. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, रँडसाहेबाची समिती, घरोघर शिरलेले गोरे शिपाई, आणि २२ जूनची ती रात्र. त्याच प्लेगात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी वारल्या. शोधून काढणे आणि वेगळे ठेवणे ही एक रीत. जवळ जाऊन उचलणे ही दुसरी. एड्सच्या वेळी पहिल्या रीतीचा प्रयोग आपल्या शेजारीच झाला. गोव्यात डॉमिनिक डिसूझा ह्या तरुणाने रक्तदान केले, त्यावरून त्याची बाधा उघडकीस आली, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलिसांकरवी नेऊन म्हापशाच्या जुन्या क्षयरोग्यांच्या इमारतीत चौसष्ट दिवस कोंडून ठेवण्यात आले. त्याच्या आईने, लूसी डिसूझा ह्यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने तो कायदा रद्द केला नाही. पण देशभर एवढा गवगवा झाला की पुढे असा मार्ग धरणे सरकारांना कठीण झाले. डॉमिनिक १९९२ साली वारला. त्यानंतर १९९७ साली त्याच न्यायालयाने, बाधा आहे एवढ्याच कारणावरून कामावर न घेतलेल्या एका मजुराचा दावा मान्य केला आणि निवाड्यात त्याचे नाव येऊ न देता केवळ दोन अक्षरांनी त्याचा उल्लेख केला. आपल्या निवाड्यांच्या इतिहासात मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. वतनाच्या महजरात नाव लागावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या झगडणाऱ्या ह्या महाराष्ट्रात, नाव न लागणे हाच न्याय ठरला.

आता औषधाची कथा. १९९६ साली कॅनडातील व्हँकूव्हरच्या परिषदेत तीन औषधे एकत्र देण्याचा उपाय जगापुढे आला आणि श्रीमंत देशांत मरणारी माणसे उठून कामाला जाऊ लागली. त्या उपायाचा खर्च एका माणसामागे वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक. वेल्ह्याच्या शेतकऱ्याला हा आकडा सांगणे म्हणजे चंद्राची किंमत सांगणे होते. हा कडा फुटला तो आपल्याच एका जुन्या कायद्यामुळे. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर मक्ता दिला नव्हता, फक्त ते बनविण्याच्या कृतीवर दिला होता. दुसरी कृती शोधणाऱ्याला तेच औषध बनविण्याची मुभा होती. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद ह्यांनी तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा सेवाभावी डॉक्टरांच्या संघटनेला ३५० डॉलरांत देऊ केला. तेव्हाच्या भावाने ते सुमारे सोळा हजार रुपये. आफ्रिकेतले लक्षावधी लोक ह्या एका घोषणेने वाचण्याच्या वाटेला लागले. पुढे २००५ साली जागतिक व्यापाराच्या करारापायी आपण तो कायदा बदलला. तोवर सुदैवाने दार उघडलेले होते.

पण मुंबईत बनलेली गोळी आफ्रिकेत पोचली, ती मावळात केव्हा? सरकारने फुकट औषध देण्यास १ एप्रिल २००४ रोजी आरंभ केला, तोही प्रथम देशातल्या मोजक्या आठ रुग्णालयांत. १९९६ ते २००४ ही आठ वर्षे माझ्या मते ह्या इतिहासातली सर्वांत क्रूर वर्षे होत. उपाय आहे हे डॉक्टरला ठाऊक, कधी रोग्यालाही ठाऊक, आणि मध्ये पैसा. खाचर गहाण टाकून चार महिन्यांची औषधे घ्यावयाची आणि मग सोडावयाची, ह्याने रोग बरा तर होत नाहीच, उलट विषाणू त्या औषधाला भीत नाहीसा होतो. गावात त्या मृत्यूंची नोंद बहुधा 'क्षय' अशी होई. ती अगदीच खोटीही नसे, कारण ह्या रोगात शेवटचा घाव पुष्कळदा क्षयच घालतो. नवरा गेल्यावर दोष सुनेवर. १९५६ च्या वारसा कायद्याने तिला वाटा दिला आहे; पण कायदा तालुक्याच्या कचेरीत असतो आणि खाचर दिराच्या नांगराखाली.

जागतिक ज्ञान आणि मावळचे वास्तव ह्यांचा खरा सामना झाला तो आईच्या दुधावर. अंगावरच्या दुधातून बाधा मुलाला जाऊ शकते, म्हणून श्रीमंत देशांत बाधित आईने मूल अंगावर पाजू नये असा सल्ला होता. लंडनमध्ये तो बिनचूक होता. जेथे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, बाटली उकळायला सरपण मोजावे लागते, तेथे वरचे दूध म्हणजे हगवण, आणि हगवण म्हणजे मूल गेले. शिवाय बाळंतीण मूल अंगावर का घेत नाही, हे चार बायकांनी विचारले की गुपित फुटलेच. पुण्याच्या ससून रुग्णालयाला जोडलेल्या बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयाने, इथिओपिया आणि युगांडा येथील केंद्रांबरोबर, एक सोपा उपाय तपासला: आईने पाजावेच, मात्र बाळाला सहा आठवडे रोज थोडे नेव्हिरॅपीन द्यावे. २००८ साली त्याचे फळ प्रसिद्ध झाले. पहिल्या सहा आठवड्यांत बाधा निम्म्याने घटली, पुढे मात्र तो लाभ ओसरला. म्हणजे संरक्षण पाजणे चालू असेतो लांबविले पाहिजे. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला बदलला तो ह्याच दिशेने, आई पाजील आणि औषध राखील. बाल्टिमोरचे प्राध्यापक ह्या कामात सहभागी होते, हे खरे. पण प्रश्न त्यांच्या पुस्तकातला नव्हता, तो येथल्या बाळंतिणीचा होता.

दुसरे मोठे प्रमाणही पुण्याकडून गेले. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, प्रत्येकात एक बाधित व एक निरोगी. त्यांत भोसरीच्या संस्थेने जमविलेली जोडपीही होती. निम्म्यांना औषध लगेच सुरू केले, निम्म्यांना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे प्रतिकारशक्ती घटल्यावर. मे २०११ मध्ये हा प्रयोग मुदतीआधीच जाहीर करावा लागला. जोडीदाराकडून जोडीदाराला बाधा गेल्याची २८ उदाहरणे निश्चित झाली होती. त्यांतली २७ उशिरा औषध मिळालेल्यांत, आणि अवघे एक लगेच मिळालेल्यांत. म्हणजे औषध हेच निवारण. १९९७ साली ज्या बाईच्या हाती काही नव्हते तिच्या नवऱ्याने रोज गोळी घेतली तर ती वाचते, ही गोष्ट सिद्ध झाली, आणि सिद्ध करणाऱ्यांत पुण्याची जोडपी होती. त्यांचीही नावे कोठे नाहीत. २०१७ पासून आपल्याकडे बाधा कळताच औषध सुरू करण्याचे धोरण आले.

एवढे झाल्यावर राहते ते अंतर. वरून पाहणाऱ्या शास्त्राला अंतर म्हणजे निव्वळ अडचण वाटते. भोरहून पुणे पन्नास-बावन्न किलोमीटर, वेल्ह्याहूनही साधारण तितकेच, आणि वाडीतून तालुक्यापर्यंतचे वेगळे. म्हणून औषध रोग्याच्या जवळ न्यावे, मोठ्या केंद्राला जोडून तालुक्याच्या ठिकाणी लहान केंद्रे काढावीत, असे ठरले. आणि ते शहाणपणाचेच आहे. परंतु मावळातल्या माणसाला अंतर हा आडोसाही असतो. तालुक्याच्या रुग्णालयात केसपेपर काढणारा भावकीतला निघतो, शिपाई मामेभावाच्या गावचा. स्वारगेटला उतरून पुण्याच्या गर्दीत मिसळले की कोणी कोणाचे नसते. तेव्हा जवळची सोय सोडून दिवसाची मजुरी बुडवून लांब जाणारा रोगी अडाणी आहे असे समजणे चूक होय. त्याने दोन खर्च तोलून पाहिलेले असतात. एस.टी.ने अशा रोग्यांना साध्या गाडीत फुकट प्रवासाची सवलत दिली आहे. देणाऱ्यांचा हेतू उत्तम. पण सवलतीसाठी ओळखपत्र कंडक्टरला दाखवावे लागते, आणि कंडक्टर रोज त्याच गाडीवर असतो. पूर्ण तिकीट काढून जाणाऱ्या बाईच्या पदरच्या त्या पैशांचा हिशेब जिनीव्हाच्या कोणत्या कोष्टकात बसवावयाचा?

२०१७ चा ह्या रोगाविषयीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. बाधिताचे नाव त्याच्या संमतीवाचून उघड करणे, त्याला नोकरी, शाळा वा उपचार नाकारणे ह्याला त्याने मनाई केली. राहत्या घरातून हुसकता येणार नाही असेही म्हटले. विधवा सुनेच्या दृष्टीने हे शेवटचे कलम सोन्याचे आहे. ते वापरण्यासाठी मात्र तिला आधी कोणापुढे तरी तोंड उघडावे लागते.

आकड्यांच्या बाबतीत आपण पूर्वी फार घाबरलो होतो. २००६ साली देशात ५७ लाख बाधित असावेत असा अंदाज होता. घरोघरच्या पाहणीत रक्त तपासल्यावर २००७ साली तो २५ लाखांवर आला. चुकण्याचे एक कारण असे की तोवर आपण मुख्यतः दवाखान्यांत येणाऱ्यांवरून देश मोजत होतो. २०२३ चा अंदाजही २५ लाखांच्याच घरातला आहे, पण त्याचा अर्थ निराळा. आता ती माणसे जगत आहेत म्हणून संख्या टिकली आहे. नव्याने होणारी बाधा पुष्कळ घटली आहे. त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्व राज्यांत मोठा, चार लाखांच्या आसपास.

नवे काही येतच आहे. २०२४ साली दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथे सहा महिन्यांतून एकदा टोचण्याचे एक औषध निरोगी तरुण स्त्रियांना देऊन पाहिले. ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही बाधा झाली नाही. हे वाचताना मला मावळातल्या त्या त्रिसूत्राची आठवण झाली. जी गोष्ट बाईच्या स्वतःच्या हातात आहे आणि जिच्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही, अशी ही एक. ते इंजेक्शन वेल्ह्याला केव्हा येईल, आणि आलेच तर त्याची नोंद ठेवणारी वही कोणाच्या टेबलावर असेल, हे दोन्ही प्रश्न मला सारखेच महत्त्वाचे वाटतात.

तोवर गोळीच आहे, रोजची, ठरल्या वेळेची. पुष्कळ बायका औषधाच्या डबीवरचा कागद पुण्यातच खरवडून काढतात. कोणी गोळ्या मेतकुटाच्या जुन्या बरणीत ओततात. ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांना आता एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू लागल्या आहेत, त्यामुळे आषाढात, भाताच्या लावणीला हात कमी पडत असतात तेव्हा, शहराची खेप करावी लागत नाही.